रिकॉल आला तेव्हा: फौजीच्या घरातले कागद आणि घालमेल

आधीच एक सांगून ठेवते. यात माझ्या नवऱ्याच्या युनिटचं नाव, ठिकाण, हुद्दा काहीही सापडणार नाही. ते लिहायचं नसतं. २०२५ च्या मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या यांना परत बोलावलं, तेव्हा आमच्या घरात काय झालं, कोणते कागद वेळेवर झाले, कोणते राहिले आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं, एवढंच लिहितेय. त्या दिवसांत मी रात्र-रात्र मोबाईलवर शोधत होते की अशा वेळी घरच्यांनी नेमकं करायचं काय. मराठीत शौर्याच्या कविता ढिगानं मिळाल्या. बँकेत कुठला फॉर्म मागायचा हे मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. इथं फौजी घर म्हणजे काही नवलाई नाही. एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे. सासरे, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी मात्र माहेरून फौजेतली नाही. माझे वडील तलाठी होते आणि संध्याकाळी सहाला घरी यायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक लेक आहे.

जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक सुट्टी आणि तीस दिवस किरकोळ रजा मिळते. कागदावर ती नव्वद दिवस दिसते, पण मिळते तुकड्यांनी, आणि सगळं घर त्या तुकड्यांभोवती बेतलेलं असतं. ग्रामदैवताची यात्रा, चुलत नणंदेचं लग्न आणि माझी उन्हाळी सुट्टी असा मेळ घालून हे एप्रिलच्या मध्याला आले होते.

२२ एप्रिलला मंगळवार होता. पहलगामला पर्यटकांवर झालेल्या अतिरेकी हल्ल्याची बातमी संध्याकाळी कळली, आणि रात्रीपर्यंत आकडा वाढतच गेला. सव्वीस माणसं गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली: डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. बायकोसमोर नवरा, मुलीसमोर बाप. मी त्या रात्री जेवले नाही. व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, ‘आता सोडायचं नाही.’ ते यांनी पाहिलं, कारण नावाखाली ‘पाहिले’ असं आलं. आम्ही एकाच खोलीत होतो. हे काही बोलले नाहीत, फक्त आपला फोन चार्जिंगला लावला आणि रिंगचा आवाज वाढवून उशाशी ठेवला.

मी ते स्टेटस काढलं नाही. चोवीस तासांनी ते आपोआप गेलं. तो राग खोटा होता असं मला आजही वाटत नाही.

पुढचे दिवस विचित्र गेले. दुसऱ्याच दिवशी सरकारनं सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं आणि अटारीची सीमा बंद केली. टीव्हीवर रोज ‘मोठी कारवाई कधी?’ हा एकच प्रश्न. घरी आम्ही दोघं त्यावर बोलायचंच टाळत होतो. यांचं गोठ्याच्या मागं जाऊन फोनवर बोलणं वाढलं. मी विचारलं की, ‘काही नाही, गप्पा मारत होतो पोरांशी.’

३० एप्रिलला, अक्षय तृतीयेला, लग्न झालं. मांडवात यांच्याभोवती घोळका. ‘काय फौजी, कधी घुसताय?’, ‘या वेळी एकदाच काय तो निकाल लावून टाका.’ विचारणारे सगळे आपलेच, प्रेमानं विचारणारे. हे प्रत्येकाला ‘वरून सांगतील तसं’ म्हणत पंगतीत वाढत होते. मी बायकांच्या बाजूनं बघत होते आणि मला पहिल्यांदा जाणवलं की आठ दिवसांपूर्वी मी स्टेटसला जे लिहिलं होतं, तेच हे लोक म्हणताहेत. माझं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला नको वाटत होतं. ‘घुसा’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर फौज होती. माझ्यासमोर भाताचं घमेलं धरून उभा असलेला एक माणूस होता, ज्याच्या उजव्या गुडघ्याला थंडीत कळ येते.

हे बोलायचं कुणाशी? माहेरी बोलले तर आई रडेल. सासरी बोलले तर फौजीच्या घरात शोभत नाही. आणि मोठ्यानं बोललंच तर ‘मग नोकरी कशाला धरली?’ हा प्रश्न तयार असतो. पगार घेताना कसं गोड लागतं, असंही ऐकलंय मी. ते म्हणणाऱ्याला फार उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये, एवढं अनुभवानं सांगते.

१ मेला शाळेचे निकाल लावले. ३ मे, शनिवार, सकाळी फोन आला. मिनिटभराचाही नसेल. ‘जी साहब, जी, ठीक है साहब.’ फोन ठेवून यांनी मला सांगितलं, सुट्टी कॅन्सल, लवकरात लवकर रिपोर्ट करायचंय. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? यांचे सगळे कपडे भिजत घातलेत. दुसरा विचार: आज महिन्याचा पहिला शनिवार, बँक चालू आहे.

दुसऱ्या विचाराचं श्रेय आबांचं. फोनचं ऐकल्या ऐकल्या ते आत गेले, आपली काळी ट्रंक उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल माझ्या हातात दिली. ‘आधी ब्यांकेत जावा. रडायचं संध्याकाळी बघू.’

बँकेत काय झालं ते जरा तपशिलात सांगते, कारण बहुतेक घरांत हेच निघतं. यांचं पगाराचं खातं एकट्याच्या नावावर. दुसरं बचत खातं भरतीच्या वेळचं, ते आईंबरोबर जॉइंट. लग्नानंतर माझं नाव लावायचं दरवेळी ‘पुढच्या सुट्टीत’ ठरायचं. पगाराच्या खात्याला वारसाचं नाव लागलंय की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. काउंटरवर विचारलं तर नव्हतंच.

तर लक्षात ठेवण्यासारखं हे: वारस नेमणुकीचा, म्हणजे नॉमिनेशनचा, बँकेचा अर्ज तेव्हा डीए-१ या नावानं मिळायचा. तो एका पानाचा असतो आणि खातेदार समोर असेल तर त्याच दिवशी देता येतो. पोच मागून घ्यायची आणि पासबुकात नेमणुकीची नोंद छापून घ्यायची. खातं जॉइंट करायला मात्र दोघांची पूर्ण केवायसी लागते, आणि तिथं माझं घोडं अडलं. आधारवर माझं माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. आधार दुरुस्त करा, मग या. आधारला तेव्हा नाव बदलायला ५० रुपये लागायचे. नऊ वर्षं पन्नास रुपयांचं काम पडून होतं आणि यांच्या हातात आता दीड दिवस होता.

बँकेतून बाहेर पडताना आणखी एक कळलं. पैशाबद्दल बोलताना आम्ही दोघंही ‘समजा’ हा शब्द वापरत होतो आणि त्याच्या पुढचं वाक्य कुणीच पुरं करत नव्हतं.

रविवारी ओटीवर सगळे कागद पसरले. मी, हे, आबा आणि सासूबाई. हा दिवस मला निरोपापेक्षाही जड गेला.

फौजेत लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरनं होते. ती झाली नसेल तर कागदोपत्री बायको-मुलं नसल्यासारखीच. हमराज अ‍ॅपवर पेस्लिप आणि पार्ट टू ऑर्डर दिसतात; ते अ‍ॅप यांच्या फोनवर आहे, म्हणून निघायच्या आधीच दोघांनी बसून बघितलं. लग्नाची नोंद होती, लेकीची होती, पण लेकीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यापेक्षा वेगळं. ते युनिटच्या क्लार्ककडून दुरुस्त होतं, त्यासाठी दाखल्याची प्रत यांच्या बॅगेत टाकली. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन वेगळं, एएफपीपी फंडाचं, म्हणजे फौजेतल्या प्रॉव्हिडंट फंडाचं, वेगळं, एलआयसीचं वेगळं. एका ठिकाणी नाव बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं होत नाही. भरती होताना अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सगळीकडे आईचं नाव टाकतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

पण त्यामुळेच ओटीवर बसून बोलणं अवघड झालं. २०२४ मध्ये शहीद अधिकाऱ्याचे आई-वडील आणि पत्नी यांच्यावरून देशभर किती कडवट चर्चा झाली, ते सगळ्यांनी वाचलं होतं. सासूबाईंनीही. मी तोंड उघडलं तर सूनबाईचा डोळा पैशावर, असं व्हायचं. नाही उघडलं तर उद्या लेकीचं काय? शेवटी आबांनीच सांगितलं की फॅमिली पेन्शन नियमानं बायकोला जाते, त्यात कुणाची मर्जी चालत नाही. विम्याच्या आणि फंडाच्या रकमेत टक्के वाटून देता येतात. मी त्यात एक भर घातली, जी मला शाळेतल्या एका सरांनी मृत्युपत्राच्या संदर्भात सांगितली होती: हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मागे त्याची विधवा, मुलं आणि आई हे बरोबरीचे पहिल्या वर्गाचे वारस असतात. वडील त्या वर्गात येत नाहीत. आणि बँकेतला नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, मालक ठरतोच असं नाही.

‘विधवा’ हा शब्द मी माझ्या तोंडानं, माझ्याच घरात, नवरा समोर बसलेला असताना उच्चारला. सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. यांनी टक्के मांडलेला कागद घडी करून खिशात ठेवला. कुणाला किती ते इथं लिहीत नाही, पण दोघींची नावं आली.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही करायची होती, जमिनीच्या मोजणीचं काम अडकलेलं म्हणून. पण रविवारी ५०० रुपयांचा मुद्रांकही मिळेना आणि नोटरीही. ते राहिलं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांच्याही सह्या घेतल्या तरी चालतं, नोंदणी ऐच्छिक असते. हे माहीत असूनही त्या दिवशी कुणीच तो विषय काढला नाही. माझ्यानं तर शक्यच नव्हतं.

सोमवारी, ५ मेला, भाड्याच्या गाडीनं पुणे. जाऊन-येऊन साडेतीन हजार. एसटीनं स्वस्तात झालं असतं, पण लेक आणि सासूबाईही आल्या. जम्मूला जाणाऱ्या झेलम एक्स्प्रेसचं आयत्या वेळचं आरक्षण मिळणं कठीण. स्टेशनवर एमसीओची, म्हणजे फौजी प्रवासाची व्यवस्था बघणारी, खिडकी असते. तिथं ओळखपत्र आणि बोलावण्याचा मेसेज दाखवल्यावर मिलिटरी कोट्यातला बर्थ मिळाला. ज्यांना अशी घाई येईल त्यांनी मोबाईलवर तिकीट शोधण्यात वेळ घालवण्याआधी तिथं विचारावं.

फलाटावर तशाच काळ्या पिशव्या आणि तसेच बारीक कापलेले केस खूप दिसत होते. कॉलेजच्या पोरांचा एक घोळका घोषणा देऊन गेला. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी वाटलं, या पोरांनी आता गप्प बसावं, मला हे काय बोलताहेत ते ऐकू येत नाहीये. हे बोलत होते ते विहिरीच्या मोटरबद्दल. स्टार्टर अडकतो, तेव्हा कुणाला बोलवायचं. गॅसचं पुस्तक कुठं आहे. लेकीला म्हणाले, पाढे तेवीसपर्यंत हवेत. गाडी हलली तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून हात आत घालून यांच्या डोक्यावरून फिरवला. मी हात हलवला. रडले नाही, कारण आबांनी सांगितलेली संध्याकाळ अजून व्हायची होती.

झेलमला जम्मूला पोचायला दोन रात्री लागतात. दुसरी रात्र म्हणजे ६ आणि ७ मेच्या मधली. रात्री एक वाजून पाच मिनिटं ते दीड या वेळात आपल्या फौजांनी पलीकडे नऊ ठिकाणी हल्ले केले, हे आम्हाला पहाटे कळलं. ऑपरेशन सिंदूर. म्हणजे ते सुरू झालं तेव्हा हे गाडीत होते, झोपलेले असतील. सकाळी उशिरा एका शब्दाचा मेसेज आला: ‘पोचलो.’ पुढे कुठं, ते विचारायचं नव्हतं.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. आधी छाती भरून आली. नऊ ठिकाणं, तीही दहशतवाद्यांची. डोंबिवलीच्या त्या घरातल्या बायकांचे चेहरे आठवले आणि बरं वाटलं, हो, बरं वाटलं. आणि त्याच श्वासात पोटात गोळा, कारण आता पलीकडून उत्तर येणार आणि ते उत्तर जिथं येणार तिकडंच आमची गाडी पोचली होती. या दोन्ही गोष्टींपैकी एकीनं दुसरीला हटवलं नाही. मला वाटायचं माणसाला यातलं एकच काहीतरी खरं वाटत असतं आणि दुसरं वरवरचं. तसं नसतं. शेजारच्या काकांनी पेढे वाटले. मी घेतला, खाल्ला, ‘अभिनंदन’ला ‘धन्यवाद’ म्हटलं. कशाचं अभिनंदन, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी पुण्या-मुंबईत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, भोंगे वाजले. आमच्या गल्लीतली पोरं पुढचे काही दिवस ‘ब्लॅकआउट’ खेळत होती. लेकही खेळत होती. तिला मी थांबवलं नाही. खेळातून तिला जे कळत होतं ते मी सांगून कळलं नसतं.

८ मेची रात्र सर्वांत वाईट. तिकडे जम्मू, पंजाब, राजस्थानात ड्रोन येत होते, दिवे बंद होते, हे खरं होतं. पण वाहिन्यांवर कराचीचं बंदर उद्ध्वस्त झालं, सैन्य आत घुसलं, असलं काहीबाही चालू होतं आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी हवेत विरलं. त्यांच्यासाठी तो एका रात्रीचा खेळ होता. आम्ही मात्र ‘सैन्य घुसलं’ म्हटलं की कुठून घुसलं असेल, याचा नकाशा मांडत पहाटेपर्यंत बसलो होतो. लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, असं माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं २६ एप्रिललाच सगळ्या वाहिन्यांना सांगितलं होतं, तरी हे.

९ तारखेला आबांनी टीव्हीची वायरच काढून घेतली. नंतर ठरलं ते असं: दिवसातून एकदा फक्त अधिकृत पत्रकार परिषद बघायची. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह. झालं की बंद. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगेन, बँकेच्याही आधी. लेक त्या दोघी अधिकाऱ्यांकडे बघत बसायची. ‘या पप्पांच्या साहेब आहेत का?’ म्हणाली. पप्पांच्या नाहीत, पण साहेब आहेत, असं सांगितलं.

त्या दोन दिवसांत एक फोन आला. हिंदी बोलणारा माणूस, आवाजात अधिकार. ‘हेडक्वार्टर से बोल रहा हूँ, आपके पति पहुँच गये? यूनिट अभी कहाँ है?’ मी ‘माहिती नाही’ म्हणून ठेवून दिला आणि नंबर यांच्या युनिटच्या फॅमिली ग्रुपवर कळवला. फौजेला तुमचा नवरा कुठं आहे हे तुम्हाला विचारावं लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून ठेवा. सासूबाईंनी फोन घेतला असता तर काळजीपोटी सगळं सांगितलं असतं.

पूंछकडच्या गोळीबारात घरांवर तोफगोळे पडल्याच्या, त्यात मुलंही गेल्याच्या बातम्या येत होत्या. जवानही गेले. मी प्रत्येक बातमीत आधी युनिटचं नाव शोधायचे आणि ते आपलं नाही म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटायचं. मग जे नाव होतं ते वाचायचे. तेही कुणाच्या तरी घरचं असायचं. या क्रमानं वाचणं थांबवता आलं नाही.

१० मे, शनिवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जाहीर झालं की पाच वाजल्यापासून जमीन, हवा आणि समुद्र, तिन्हीकडे लष्करी कारवाई थांबवायचं ठरलंय. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी अंगणात आले तर शेजारचे काका नाराज. ‘आता कुठं मजा यायला लागली होती. अजून चार दिवस चालू द्यायला पाहिजे होतं.’ मजा हा शब्द ऐकून माझा तोल गेला. ‘काका, चार दिवस तुमच्या अजितला पाठवा,’ म्हणाले. अजित पुण्यात कंपनीत आहे. काकांशी बोलणं पुढे दोन आठवडे बंद होतं; मग त्यांनीच मोटरीचा स्टार्टर दुरुस्त करून दिला.

पण मला काकांपेक्षा जास्त त्रास माझ्याच मनाचा झाला. रात्री पडल्या पडल्या विचार आला, एवढ्यानं झालं का? ज्यांची माणसं पहलगामला बैसरनच्या कुरणात गेली त्यांना हे पुरे वाटलं असेल का? म्हणजे काकांना झापून आले आणि अंथरुणावर मी तोच हिशोब करत होते. शिवाय तेव्हाही सीमेवर आवाज येतच होते, शस्त्रसंधी मोडल्याच्या बातम्या होत्या. थांबलं म्हणून हायसं, पुरतं थांबलं नाही म्हणून भीती, आणि लवकर थांबलं का, ही शंका. तिन्ही एकाच रात्री.

आबांना हे सांगितलं. फौजी सासऱ्याला सांगावं की नाही याचा फार विचार केला नाही, ते जागेच होते. ते म्हणाले, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला तेव्हा त्यांची पलटण सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर २००२ पर्यंत उभे होते. उन्हाळा, पावसाळा, रोज वाटायचं आज हुकूम येईल. लढाई झालीच नाही. पण सुरुंग पेरले होते आणि ते पेरताना आणि काढताना माणसं गेली. ‘गावात आलो तर लोक म्हणायचे, काय मग, काय केलं नाय वाटतं या टायमाला?’ आबा एवढंच बोलले. मी विचारलं, तुम्हाला तेव्हा लढाई व्हावी असं वाटायचं का? ‘सकाळी वाटायचं. रात्री नाय.’

यांचा फोन १२ मेच्या पंतप्रधानांच्या भाषणानंतरही काही दिवसांनी आला, अनोळखी नंबरवरून. म्हणून अनोळखी नंबर उचलायचेच, फक्त आपण बोलायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. आवाज बसलेला होता. झोप नाही म्हणाले. लेकीनं तेवीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवले, एकोणीस-वीसला अडखळली. मला विचारलं, आधारचं झालं का?

झालं. उन्हाळी सुट्टीत मी तेवढंच एक काम लावून धरलं. विवाह नोंदणीचा दाखला दाखवून आधारवर नाव बदललं, ते येईपर्यंत जून उजाडला. मग जॉइंट खात्याचे फॉर्म स्पीड पोस्टनं यांच्याकडे पाठवले. ज्यांनी कधी पाठवलं नसेल त्यांच्यासाठी: पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड. पोस्टाचा दर नेहमीचाच. जायला-यायला किती लागतील ते सांगता येत नाही, म्हणून मुदतीचा कागद असेल तर महिनाभर आधी टाका. नणंदेनं राखी जुलैच्या मध्यालाच टाकली होती, ती पौर्णिमेच्या आधी पोचली.

उरलेली सुट्टी मिळाली ती गौरी-गणपतीच्या सुमारास. गावात हार घातला, शाळेत बोलावलं. यांनी मुलांना थंडीत बूट कसे सुकवतात ते सांगितलं. युद्धाबद्दल एका पोरानं विचारलं तेव्हा म्हणाले, अभ्यास करा. घरीही काही सांगितलं नाही. मी पहिले दोन दिवस विचारलं, मग सोडून दिलं. रात्री कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज झाला की उठून बसायचे, एवढं मला दिसत होतं.

या वेळी कागद पहिल्या आठवड्यातच हातात घेतले. ५०० चा मुद्रांक, नोटरी, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी; मोजणीचं काम मार्गी लागलं. मृत्युपत्रही झालं, एका पानाचं, आबांचे दोन फौजी मित्र साक्षीला. त्या दिवशी सही झाल्यावर मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. सगळ्यांना चहा केला, मित्रांनी आपापल्या पेन्शनच्या तक्रारी सांगितल्या.

राहिली एलआयसी. तिच्यावर सासूबाईंचं नाव होतं आणि ते बदलायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण त्या स्वतःच पॉलिसीचा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, नातीचं नाव घाला. नात अज्ञान आहे, तर तिच्या वतीनं पैसे स्वीकारायला कुणीतरी सज्ञान माणूस नेमावा लागतो, असं एजंटनं सांगितलं. त्याला वाटलं माझं नाव येणार, त्यानं तसं लिहायलाही घेतलं.

‘हिचं नगं,’ सासूबाई म्हणाल्या, ‘हिला शाळेतनं सवड कुठं? माझं घाला.’

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घाला.